तिसरी पसंती

सोमवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी आमदार धर्मेंद्र जामनिक यांच्या अमरावतीच्या घरी फोन आला. बोलणं चाळीस सेकंद चाललं. पलीकडे ओमप्रकाशजी होते, वऱ्हाडातल्या उमेदवाऱ्या ठरवण्यासाठी पक्षानं अकोल्यात बसवलेले निरीक्षक. ते म्हणाले, "धर्मेंद्रभाऊ, बारा वाजता विश्रामगृहावर या. एकच गोष्ट विचाराची हाय. एकटेच या." मग फोन ठेवल्याचा आवाज आला. तो हातातल्या फोनकडे पाहत उभा राहिला. दहा वर्षांत त्याला कोणी एकटं बोलावलं नव्हतं. लग्न असो, मयत असो, उद्घाटन असो, 'सगळ्यांना घेऊन या' असंच लोक म्हणत, आणि त्याच्या मागे तीन गाड्या असत. आता ड्रायव्हरही नको म्हणजे काय? एकटा माणूस सांगेल त्याला साक्षीदार नसतो. त्याला काय सांगितलं गेलं, त्यालाही नसतो. एकच गोष्ट विचारायची होती आणि ती कोणती, हे त्याला माहीत होतं. अडीच महिन्यांपासून ती गोष्ट घरात होती, फक्त कोणी तिचं नाव घेत नव्हतं.

जुलैत विधान परिषदेची निवडणूक झाली होती, आमदारांनीच मत द्यायची. अकरा जागा, बारा उमेदवार. मतपत्रिकेवर नावांसमोर पसंतीचे आकडे लिहायचे. मतदान गुप्त, पण पक्षाला ते गुप्त राहून चालणार नव्हतं. म्हणून मतदानाच्या सकाळी हॉटेलात प्रत्येकाच्या हातात एक चिठ्ठी दिली गेली. पहिली पसंती पक्षाच्या उमेदवाराला, दुसरी मित्रपक्षाच्या. इथपर्यंत सगळ्यांच्या चिठ्ठ्या सारख्या होत्या. तिसरी आणि चौथी मात्र प्रत्येकाची वेगळी होती. तिथपर्यंत मोजणी सहसा पोचतच नाही, त्यामुळे त्या आकड्यांनी कोणी निवडून येत नाही की पडत नाही. ती फक्त खूण होती. मोजणीच्या टेबलापाशी पक्षाचा माणूस उभा होता आणि तो खुणा टिपत होता. कोणत्या कागदामागे कोणता आमदार, हे त्याला त्यावरून कळत होतं. धर्मेंद्रला तिसरी नवव्या नावाला आणि चौथी चौथ्या नावाला द्यायची होती. संध्याकाळी पक्षाचा उमेदवार पडला. तीन मतं फुटली होती. पण टिपलेल्या खुणा जुळवल्या तेव्हा चार सापडत नव्हत्या, आणि एका मतपत्रिकेवर पहिली, दुसरी बरोबर असून तिसरी भलत्याच नावासमोर होती. म्हणजे चौघांपैकी तिघं फुटले होते आणि एकजण नुसताच चुकला होता. न सापडलेल्या चार खुणांत त्याची एक होती; बाकी तिघं कोण, हेही पक्षात सगळ्यांना ठाऊक होतं.

ज्योत्स्ना शाळेत जायला निघाली होती. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका आहे, आणि तो आमदार झाल्यावरही तिनं नोकरी सोडलेली नाही. पर्सची चेन लावत ती म्हणाली, "अकोल्याले चालले ना? मले एक सांगून जा. खरं."

"काय?"

"फोडलं काय तुमी मत?"

"तू बी?"

"मी नाई म्हणत. पण मंग हसत काहून होते त्या दिवशी? साऱ्या महाराष्ट्रानं पाह्यलं टीव्हीवर. असनारे वकीलसाहेब तुमचा हात धरून उभे अन् तुमी हसून राह्यले. आपला माणूस पडला अन् तुमी हसून राह्यले."

"हात धरल्यावर काय करू? रडू?"

"सोडवाचा होता," ती म्हणाली.

ओसरीत इंदूबाई मूग निवडत बसली होती. आईला कमी ऐकू येतं असं सगळे धरून चालतात. तिनं ताटातून मान वर न करता म्हटलं, "त्या असनाऱ्याच्या घरचं पाणी तू जलमभर पेला. त्यानं तुह्या घरचं पेलं काय कधी?"

"पेलं ना, आई. मी पयल्यांदा निवडून आलो तवा आला होता तो. तूच तं पेला देल्ला त्याले."

"देल्ला. माघारी उचलाले गेली तं भरेलच होता."

"तुले काय आठोते? दहा वर्षं झाले."

"मले भरेल पेला आठोते," इंदूबाई म्हणाली आणि एक खडा बाजूला टाकला.

दहा वाजता त्यानं ड्रायव्हरकडून किल्ली घेतली. सोबत राहणाऱ्या पोलिसाला, 'घरीच थांब' म्हटलं, तेव्हा त्यानं पीए अश्विनकडे पाहिलं आणि अश्विननं जमिनीकडे. हे पाहणं धर्मेंद्रनं पाहिलं. अलीकडे तो असलंच काही पाहत असे. चहा आणणारा कप कोणापुढे आधी ठेवतो, फोनवर बोलणारा आपल्याला पाहून आवाज का बदलतो, असलं. अश्विन सात वर्षं त्याच्याजवळ होता. कोणाला कधी भेटायचं, कोणाचं पत्र द्यायचं, कोणाचं अडवायचं हे धर्मेंद्रपेक्षा त्यालाच जास्त ठाऊक होतं. त्यानं खिडकीशी वाकून म्हटलं, "साहेब, मी मांगून दुसऱ्या गाडीनं येऊ काय? दूरच थांबतो." तो नको म्हणाला. बडनेऱ्याचा पूल उतरेपर्यंत गाडी दोनदा बंद पडली. स्टिअरिंग त्याच्या हातांना परकं झालं होतं. आरशात मागे कोणतीही गाडी येताना दिसली की तो तिचा रंग लक्षात ठेवत होता.

असनारे हेमचंद्र. मतपत्रिकेवरचं पहिलंच नाव ते होतं. नावं अकारविल्हे लावलेली असतात, म्हणून कागद उघडला की आधी तेच दिसे. समोरच्या पक्षाचा उमेदवार, अमरावतीचा नामांकित वकील, आणि कॉलेजापासून धर्मेंद्रला 'धरम' म्हणणारा एकमेव माणूस. कॉलेजच्या निवडणुकीत दोघं एकाच पॅनलमधून लढले होते. पुढे धर्मेंद्र शिक्षक झाला, हेमचंद्र बापाच्या ऑफिसात बसला. धर्मेंद्रनं नोकरी सोडून पहिली विधानसभा लढवली तेव्हा उमेदवारी अर्जाचं पान न् पान हेमचंद्रनं लिहिलं होतं. धर्मेंद्र सहाशे अकरा मतांनी पडला. त्यानंतर पाच वर्षांत हेमचंद्र दुसऱ्या पक्षात गेला. आणि दुसऱ्या वेळी, छाननीच्या दिवशी, तो तहसील कचेरीत धर्मेंद्रच्या विरोधी उमेदवाराचा वकील म्हणून बसला होता.

त्या दिवसाची धर्मेंद्रला बारीकसारीक आठवण होती, किंवा आहे असं तो समजत आला होता. शपथपत्रातला एकही रकाना कोरा ठेवायचा नसतो. काही नसेल तर 'निरंक' असं लिहावं लागतं, नाहीतर अर्ज उडतो. पाचव्या पानावर पत्नीच्या नावे असलेल्या शेतजमिनीचा रकाना कोरा राहिला होता. ज्योत्स्नाच्या नावे शेत नव्हतं, म्हणून लिहिणाऱ्यानं काहीच लिहिलं नाही. अधिकाऱ्याच्या नजरेतून तो सुटला होता. शपथपत्र हेमचंद्रच्या हातात गेलं. पाचव्या पानावर त्याचं बोट थांबलं. पंखा फिरत होता, भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. त्या बोटाकडे पाहताना धर्मेंद्रला आपण संपलो असं वाटलं. मग हेमचंद्रनं चष्मा काढला, पान उलटलं आणि म्हणाला, "आमची काही हरकत नाही." त्या निवडणुकीत धर्मेंद्र आमदार झाला. दोघं पुढे कितीदा भेटले, पण त्या पानाबद्दल एकदाही बोलले नाहीत. हा उपकार आहे असं धर्मेंद्रनं वर्षानुवर्षं धरलं होतं. अडीच महिन्यांत ते धरणं सैल झालं. त्यानं खरंच तो रकाना पाहिला होता का? की तो चष्मा पुसायला थांबला होता? की धर्मेंद्र रिंगणात राहिला तर तिसऱ्याच कोणाची मतं कटतील, असा त्याच्या पक्षाचा हिशेब होता, आणि तो हिशेब फसला? उपकार करणारा कधीतरी बोलून दाखवतो. न बोलणारा उपकार करत नसेल, दुसरंच काही करत असेल.

मूर्तिजापूरच्या आधी रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापून रचलेल्या सोयाबीनच्या सुड्या लागल्या होत्या आणि मळणीयंत्राची धूळ रस्त्यावर येत होती. त्यानं काचा वर केल्या. बंद गाडीत त्याला मतदानाची खोली आठवली. खोलीत असाच बंद गारवा होता. पुठ्ठ्याचा आडोसा, जांभळ्या शाईचा दोरीनं बांधलेला पेन. वरून एसीचा झोत येत होता आणि कागद उडत होता, म्हणून त्यानं डाव्या अंगठ्यानं वरचा कोपरा दाबून धरला. पहिल्या पसंतीचा एक लिहिला. दुसरीचा दोन लिहिला. इथपर्यंत तो आजही शपथ घेऊ शकत होता. मग त्याचा हात थांबला. पाचव्या पानावर थांबलेलं बोट त्याला त्या क्षणी दिसलं होतं, हे नक्की. तीन हा आकडा कुठेही लिहिला तरी कोणी जिंकत नव्हतं, कोणी हरत नव्हतं, ज्याला द्यायचा त्याला कधी कळणारही नव्हतं. असा आकडा देणं म्हणजे कोणाला काही न सांगता पान उलटण्यासारखंच होतं. असं त्याला वाटलं होतं. पण तेव्हा वाटलं होतं, की निकालानंतर, हॉटेलच्या पलंगावर पडल्यापडल्या वाटलं? अंगठ्याखाली असनाऱ्यांचं नाव होतं की त्याच्या वरची कोरी जागा? खूण म्हणजे सही, हे त्याला सकाळीच तीनदा समजावून सांगितलं होतं. ते ऐकूनही कोणी भावनेपोटी तिसरा आकडा हलवतो? शाळेत पंधरा वर्षं गणित शिकवलेला माणूस हलवतो?

त्याचा बाप देवमन बार्शीटाकळी तालुक्यातल्या एका गावात मजुरीनं जाई. प्रत्येक निवडणुकीनंतर शेताचा मालक मजुरांना ओळीत उभं करून विचारे, कोणाले देल्लं? बाकीचे सांगत, खरं किंवा खोटं. देवमन म्हणे, "बाबासाहेबानं मत देल्लं मालक, ते सांगाले नाई देल्लं." एकदा त्यापायी अकरा दिवस त्याला कामावर घेतलं नव्हतं. गावातल्या वाचनालयाला आता देवमनचं नाव आहे आणि उद्घाटनाच्या भाषणात धर्मेंद्रनं हीच गोष्ट सांगितली होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. अकरा दिवस आई काय शिजवत होती, हे त्यानं भाषणात सांगितलं नाही, कारण त्यानं तिला ते कधी विचारलंच नव्हतं. आणि आता तो, बापानं मालकाला जे सांगितलं नाही ते सांगायला, स्वतः गाडी चालवत चालला होता. न सांगावं तर तिकीट जात होतं. तिकीट नुसतं जात नव्हतं, मागे एक शब्द ठेवून जात होतं. तो शब्द वाचनालयाच्या पाटीवरच्या नावाशेजारी कोणीतरी खडूनं लिहिणार होतं.

काटेपूर्णेच्या पुलावर अश्विनचा फोन आला. त्यानं गाडी कडेला घेतली.

"साहेब, पोचले काय?"

"नाई. बोल."

"ते तिसरा कोणाले देल्ला, तेच विचारतीन. तुमी वकीलसाहेबाचं नाव सांगा."

"काहून?"

"त्या चुकलेल्या पेपरवर त्याहीचंच नाव हाय म्हणतेत. बाहेर सारे तेच म्हणून राह्यले."

"सारे म्हणजे कोण?"

"दुसऱ्या साहेबांचे पीए गिए. आमची आपसात बोलचाल असते ना."

"तुले हे कवा समजलं?"

"झाले आठ-दहा दिवस."

"अन् आज सांगतो?"

"तुमी विचारलंच नाई, साहेब," अश्विन म्हणाला.

फोन ठेवल्यावर तो काही वेळ पुलाखालच्या पाण्याकडे पाहत राहिला. अर्ध्या तासापूर्वी त्याच्याजवळ एक अर्धवट आठवण होती. थांबलेला हात, दाबलेला कोपरा, आणि कदाचित एक आकडा. खरी असो वा नसो, ती त्याची होती. आता तिच्यावर दुसऱ्याचा हात फिरला होता. आता असनाऱ्यांसमोर जांभळा तीन त्याला स्वच्छ दिसत होता, शाई किंचित पसरलेला, आणि इतका स्वच्छ दिसत होता म्हणूनच त्याचा भरवसा वाटत नव्हता. निकालाच्या संध्याकाळी विधानभवनाच्या आवारात हेमचंद्र जिंकून बाहेर आला होता, सरळ त्याच्याकडे आला होता, हात धरून म्हणाला होता, "धरम, विसरणार नाही हं." बाजूच्या तिघांनी माना वळवल्या. हेमचंद्र त्या दिवशी प्रत्येकाला तेच म्हणत असेल, जिंकलेला माणूस म्हणतोच. की त्याच्या माणसानंही टेबलापाशी उभं राहून तो तीन पाहिला होता? आणि तसं असेल, तर कॅमेऱ्यासमोर त्यानं हात का धरला? मित्र असता तर तो लांबून गेला असता.

विश्रामगृहावर बारा वाजायला पाच मिनिटं कमी होती. ओमप्रकाशजी एकटेच बसले होते, पुढ्यात रबर लावलेली डायरी, बशीत पोहे. अकोल्याच्या जुन्या व्यापारी घरातला माणूस. चाळीस वर्षांत स्वतः एकही निवडणूक लढला नाही, आणि म्हणून सगळ्यांच्या निवडणुका त्याच्या हातात.

"या भाऊ. गाडी सोता चालवत आले? वा! ड्रायव्हर पयाला काय?"

"तुमीच म्हटलं एकटे या."

"मी कोण म्हणणारा? वरून म्हटलं, मी खाली सांगतलं. आपलं काम टपाल्याचं. पोहे घ्या."

"विचारा."

"खाऊन तं घ्या. उपाशी माणसाले विचारू नये, माहा बाप म्हणे."

"ओमप्रकाशजी, विचारा."

ओमप्रकाशजींनी बशी बाजूला सारली, रबर काढलं. "पयली अन् दुसरी कोणाले देल्ली ते मी विचारत नाई. ते सारेच बराबर सांगतेत. तिसरी कोणाले देल्ली?"

ठरलेल्या नवव्या नावाला दिली म्हणावं, तर ती खूण सापडली नव्हती, म्हणजे तो फुटलेल्या तिघांतला ठरत होता. सांगत नाही म्हणावं, तर तो देवमनचा मुलगा ठरत होता, आणि तरीही त्या तिघांतलाच. "असनारे," तो म्हणाला, "हेमचंद्र असनारे." नाव उच्चारताना त्याला वाटलं होतं की काहीतरी सुटेल. आपण केलं की नाही ते निदान बोलता बोलता कळेल. तसं काही झालं नाही. आवाज त्याचाच होता, पण पाठ केलेला वाटला.

ओमप्रकाशजींनी ते डायरीत लिहिलं, वेळ लिहिली, रबर लावलं.

"मी खरं सांगून राह्यलो," तो म्हणाला.

"तुमच्या आधी दोघं आले होते, भाऊ. सकाळी एक, काल एक. दोघायनंही हेच नाव सांगतलं. अन् दोघंही म्हणे, मी खरं सांगून राह्यलो. ह्याच खुर्चीत."

"माह्याजवळ कारण हाय. माह्या छाननीच्या वक्ती…"

"कारण त्याहीच्याजवळबी होतं. एकानं तं डोयाले रुमाल लावला. म्हणे, वकीलसाहेबानं माह्या भावाची केस हायकोर्टात लढली, मी कसा इसरू? मले बी वाईट वाटलं." ते थांबले. "वकील माणूस. साऱ्याहीच्या कामी येते."

"चौथे?"

"साडेतीनले हायेत. मले वाटते तेबी हेच सांगतीन."

"त्या पेपरवर खरं कोणाचं नाव हाय?"

ओमप्रकाशजींनी त्याच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "ते मलेही नाई सांगतलं, भाऊ. मले सांगतलं असतं तं तुमाले एकट्याले बसू देल्लं असतं काय माह्यासमोर? मी सांगून टाकीन ना. घ्या, पोहे थंडे झाले."

परतताना तो पुन्हा काटेपूर्णेच्या पुलापाशी थांबला. आता अश्विनला फोन त्यानं लावला. तिघांनी एकच नाव सांगितलं, तर ते नाव कुठूनतरी निघालं असणार. टेबलापाशी उभ्या असलेल्या माणसाकडून निघालं असेल. पण मुंबईहून येताना रेल्वेच्या डब्यात तो आणि अश्विन समोरासमोर बसले होते. हरलेल्या पक्षाचा डबा होता, कोणी बोलत नव्हतं, आणि अकोला यायच्या आधी कधीतरी तो अश्विनशी हलक्या आवाजात बोलला होता. काय बोलला होता ते त्याला आठवत नव्हतं. त्यानं खरंच तीन दिला असेल, अश्विनला सांगितलं असेल, अश्विनकडून ते दुसऱ्या पीएंकडे आणि तिथून त्यांच्या साहेबांकडे गेलं असेल, तर चोरलेलं नाव त्याचंच होतं. आणि तसं नसेल, तर त्यांच्याबरोबर तोही चोर होता.

"अश्विन, रेल्वेत मी तुले काही सांगतलं होतं काय? तिसऱ्याचं?"

पलीकडे घरातला कुकर वाजला.

"तुमाले काय आठोते, साहेब?"

"मी तुले विचारलं."

"तुमी म्हणसान तसं, साहेब," अश्विन म्हणाला.

दोन वाजता तो घरी पोचला. ज्योत्स्ना शाळेतून आली नव्हती. इंदूबाई झोपली होती किंवा डोळे मिटून पडली होती. ओसरीतल्या खुर्चीवर बसून त्यानं पाणी मागितलं. घरकामाच्या बाईनं पेला आणून ठेवला. तो भरलेल्या पेल्याकडे पाहत बसला. पाहुणा घाईत असतो, बोलण्यात असतो, पिऊ म्हणतो आणि उठतो. भरलेला पेला मागे राहण्याला दुसरं काही कारण लागत नाही. लागत नाही, असं तो स्वतःला दोनदा म्हणाला. साडेतीनला त्यानं घड्याळ पाहिलं. अकोल्यात त्या खुर्चीत चौथा माणूस बसत असेल.

पक्षाची पहिली यादी संध्याकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी आली. एकाहत्तर नावं होती. आपल्या मतदारसंघाच्या आधी त्यानं बाकीच्या तिघांचे मतदारसंघ शोधले. दोन ठिकाणी नवे उमेदवार होते. तिसऱ्या ठिकाणी जुनंच नाव होतं, म्हणजे चौघांपैकी एकावर पक्षाचा विश्वास बसला होता. तो डोळ्याला रुमाल लावणारा की बाकी दोघांपैकी कोणी, हे यादीवरून कळत नव्हतं. त्यानं यादी वरून खाली आणि खालून वर वाचली. त्याच्या मतदारसंघासमोर त्याचं नाव नव्हतं, दुसऱ्या कोणाचंही नव्हतं. मतदारसंघच यादीत नव्हता. उरलेल्या जागा दोन दिवसांत जाहीर होतील, अशी खाली ओळ होती.

पाच बावन्नला फोन वाजला. पडद्यावर हेमचंद्रचं नाव होतं. ज्योत्स्ना दारात पर्स घेऊन उभी होती, अश्विन फाटकाशी, आणि ओसरीत इंदूबाई उठून बसली होती. फोन वाजून थांबला आणि लगेच पुन्हा वाजू लागला. सहा वाजून पाच मिनिटांपर्यंत तो तीनदा वाजला होता, आणि आमदार धर्मेंद्र जामनिक यांनी तो घेतला नव्हता.